डिझेल एसयूव्हीचा डीपीएफ वारंवार भरतो : तो न काढता करता येणारे उपाय आणि मागच्या सायलेन्सरमधील बदल याविषयी मदत हवी आहे

नमस्कार.

माझ्याकडे युरो ६ (युरोपीय धूरनियंत्रण मानक) श्रेणीचे डिझेल इंजिन असलेली एसयूव्ही आहे. गेल्या काही महिन्यांपासून तिचा डीपीएफचा (धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा वारंवार लागतो, मोकळ्या रस्त्यावर सलग वेगात गाडी चालवली की विझतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा लागतो. पूर्वी रीजनरेशन (साठलेली काजळी जाळून डीपीएफ साफ होण्याची क्रिया) केव्हा होऊन गेले हे कळतही नसे. आता मात्र गाडी उभी असताना इंजिनाचे आरपीएम वाढणे, पंखा जोरात फिरत राहणे आणि मायलेज घसरणे ही लक्षणे सतत जाणवतात. डिपस्टिकवर ऑइलची पातळीही किंचित वर सरकलेली दिसते, आणि मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते.

एका गॅरेजने सुचवलेला उपाय असा आहे की डीपीएफ आतून पोकळ करावा, ईजीआरला (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हला) पत्रा लावून तो बंद करावा, ईसीयू रिमॅप करून (इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून) या दोन्हींचे दिवे कायमचे घालवावेत आणि मागे मोठ्या व्यासाचा मोकळा पाइप बसवावा. ताकद आणि मायलेज दोन्ही वाढतील, असे त्यांचे म्हणणे आहे. मला हा मार्ग स्वीकारायचा नाही. डीपीएफ काजळी अडवतो आणि रीजनरेशनच्या वेळी तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन ती जाळली जाते, एवढे मला समजते. तो वाजवीपेक्षा लवकर भरत असेल तर इंजिन जास्त काजळी करत असले पाहिजे, किंवा जाळण्याची क्रिया अर्धवट राहत असली पाहिजे, किंवा मोजणारा सेन्सरच चुकीचे सांगत असला पाहिजे. यांपैकी एकही कारण डीपीएफ काढल्याने दूर होत नाही. ते नुसते दिसेनासे होते, आणि एखादा इंजेक्टर गळत असेल तर तो पिस्टनवर डिझेल सांडतच राहतो.

दुसरी बाब माझ्या गाडीपुरती नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. डीपीएफ काढलेल्या गाडीचा धूर डोळ्यांना काळा दिसला नाही तरी त्यात अतिसूक्ष्म कण असतातच, आणि ते मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या फुफ्फुसांत जातात. ईजीआर बंद केला की ज्वलनाचे तापमान वाढून नायट्रोजनची ऑक्साइडेही वाढतात. माझ्या सोयीसाठी हे इतरांच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मूळ दोष शोधण्यासाठी तपासणी कोणत्या क्रमाने करावी, आणि वाढलेल्या ऑइलसह गाडी चालवत राहणे कितपत सुरक्षित आहे? शिवाय मूळ सायलेन्सर गंजला असल्याने तो कधीतरी बदलावाच लागणार आहे. त्या निमित्ताने स्टेनलेस स्टीलचा, थोडा गंभीर आवाज देणारा मागचा भाग बसवायचा झाल्यास धूरनियंत्रणाला धक्का न लागता नेमका कुठपासून बदल करता येईल?

प्रतिसाद

नमस्कार. ऑइलपासून सुरुवात करतो, कारण त्यात उशीर करून चालणार नाही. बऱ्याच इंजिनांत रीजनरेशनसाठी सिलिंडरमध्ये उशिरा जास्तीचे डिझेल सोडले जाते. प्रक्रिया वारंवार अर्धवट तुटली की त्यातले काही डिझेल ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि बेअरिंगे व टर्बो धोक्यात येतात. पातळी कमाल खुणेच्या वर गेली असेल तर गाडी चालवू नका. ऑइल आणि फिल्टर बदला, आणि उत्पादकाने सांगितलेले कमी राखेचेच ऑइल घाला.

त्यानंतर स्कॅनर लावून इग्निशन चालू पण इंजिन बंद ठेवा आणि डीपीएफच्या दाबफरकाच्या (फिल्टरच्या आधीच्या व नंतरच्या दाबातील फरक मोजणाऱ्या) सेन्सरचा आकडा पाहा. तो शून्याच्या आसपास हवा. नसेल तर सेन्सर किंवा त्याच्या बारीक नळ्या संशयित आहेत. या नळ्या काजळीने तुंबतात, चिरतात आणि पुष्कळदा कोणी पाहतच नाही. पुढे कूलंटचे तापमान पाहा. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि अनेक गाड्यांत रीजनरेशन सुरूच होत नाही. हे दोन्ही ठीक निघाले तर इंटरकूलरचे पाइप, हवेच्या प्रवाहाचा सेन्सर, अडकलेला ईजीआर आणि इंजेक्टरांचे करेक्शन आकडे (प्रत्येक इंजेक्टरसाठी संगणक डिझेलच्या मात्रेत करत असलेली दुरुस्ती) तपासावेत.

काजळी आणि राख यांतला फरकही ध्यानात ठेवा. काजळी जळते, तर ऑइलमधील कॅल्शियम, झिंक यांसारख्या घटकांची राख जळत नाही. रीजनरेशन पूर्ण होऊनही दाबफरक चढाच राहिला तर डीपीएफ काढून साफ करून घ्यावा लागेल, आणि साफ करून तोच परत बसवायचा असतो. ब्रिटनमध्ये तर फेब्रुवारी २०१४ पासून वार्षिक तपासणीत डीपीएफ जागेवर नसेल तर गाडी नापास होते.

सायलेन्सरविषयी नियम सोपा आहे : शेवटच्या सेन्सरच्या मागचा भागच बदला. युरियाची प्रणाली (युरियाच्या द्रावणाने नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करणारी) असेल तर नायट्रोजन ऑक्साइडांचा सेन्सर बराच मागे, गाडीच्या तळाशी असू शकतो, तेव्हा गाडी उचलून खात्री करा. टर्बो आणि डीपीएफ आधीच आवाज दाबतात, त्यामुळे आवाज फारसा बदलणार नाही, आणि ताकदीतही जाणवण्याजोगा फरक पडणार नाही. मफलर पूर्ण काढल्यास कमी आरपीएमला केबिनमध्ये कंटाळवाणी घुमघुम मात्र येते. ३०४ दर्जाचे स्टील ४०९ पेक्षा गंजाला चांगले तोंड देते, पण तापल्यावर जास्त प्रसरण पावते, म्हणून लवचीक जोड आणि रबरी हँगर चांगले हवेत. रीजनरेशनच्या वेळी मागून निघणारा वायू फार गरम असतो. नवा पाइप बंपर, स्टेपनी आणि वायरिंगपासून पुरेसा दूर ठेवा, आणि मूळ उष्णतारोधक पत्रे काढू देऊ नका.

इंजिन बंद असतानाचा दाबफरक, गरम इंजिनावर आयडलचा (गाडी उभी असताना इंजिन चालू असतानाचा) दाबफरक आणि मोकळ्या रस्त्यावरचे कूलंटचे तापमान, हे तीन आकडे मिळाले की येथे लिहा. पुढचे त्यावरून सांगता येईल.