विपश्यना केंद्र ४० साधकांवरून ८० वर न्यायचंय: आधी धम्महॉल की निवास?

तापीकाठ: जय भीम, मंगल हो. केंद्र पारोळ्याकडे आहे. जागा तीन एकर, माती काळी. दहा दिवसांच्या शिबिराला सध्या ४० साधक बसतात. दान फक्त शिबिर केलेल्यांकडूनच घेतो, त्यामुळे पैसा हप्त्याहप्त्याने येईल. पहिला खर्च कशावर करावा? शेजारची दोन एकर शेतीही विकायला निघाली आहे.

नळपाणी: दादा, दोन्ही थांबवा, आधी पाणी आणि संडास-बाथरूम बघा. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला ध्यान. मधल्या अर्ध्या तासात सगळ्यांना संडासला जायचं असतं. एकाला पाच मिनिटं धरली तर एका संडासात सहाच जण उरकतात. म्हणजे ८० साधकांना कमीत कमी १४, स्त्री-पुरुष वेगळे मोजून. ८० साधक आणि १२ धम्मसेवक (शिबिरात सेवा देणारे), माणशी १३५ लिटर धरा: रोज साधारण १२,५०० लिटर. मे महिन्यात बोअर आटली आणि टँकर एक दिवस चुकला तरी शिबिर मोडता कामा नये, म्हणून जमिनीखाली २५,००० लिटरची टाकी हवीच. वरच्या टाक्या स्त्री-पुरुष दोन्ही बाजूंना स्वतंत्र ठेवा.

काळीमाती: वरचं बरोबर, पण ते सांडपाणी जाणार कुठे? काळ्या मातीत शोषखड्डा चालत नाही. उन्हाळ्यात भेगांतून पाणी जिरतं, म्हणून खड्डा उत्तम वाटतो. श्रावणात माती फुगून भेगा मिटल्या की तोच खड्डा तुंबतो आणि मैला उलटा चेंबरमध्ये येतो. खड्डा मुरुमापर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर सेप्टिक टाकीनंतर खडी-वाळूचे वाफे करून त्यात कर्दळ लावा, विहीर आणि बोअरपासून लांब.

पायाचंही तेच. मुरूम जवळ लागला तर त्यावर टेकवा. नाही लागला तर अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब) घ्या, किमान ३.५ मीटर खोल, आणि प्लिंथ बीमखाली (जोत्याच्या तुळईखाली) चार बोटं मोकळी जागा सोडा. गवंडी ती जागा हमखास मातीने भरतो. मग पावसाळ्यात माती फुगून बीम उचलते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. मातीची भर टाकताना समोर उभे राहा. इमारतीभोवती दीड मीटर फरसबंदी करा, उतार बाहेरच्या बाजूला. कडुनिंब भिंतीला खेटून लावू नका, मुळं ओलावा ओढतात आणि तेवढाच कोपरा खचतो.

शांतहॉल: हॉलचा टप्पा येईल तेव्हा नुसते पत्रे टाकू नका. पहिल्याच सरीला प्रवचन ऐकू येत नाही. माणशी दीड चौरस मीटर धरून १२० चौरस मीटर, आचार्यांचं आसन आणि येण्याजाण्याची वाट वेगळी. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, कूलर छान चालतो. मात्र कूलर बाहेर ठेवून हवा डक्टने आत घ्या, नाहीतर मौनात पंख्याचीच घरघर. समोरच्या भिंतीला हवा जायला झडपा ठेवा. त्या नसल्या की दमट होतं आणि लोक पेंगतात.

सातबारा: त्या दोन एकरांचा विसार आत्ताच देऊ नका. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्या ट्रस्टला शेतजमीन थेट घेता येत नाही, आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. खरेदीनंतर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. कर्ज काढणार असाल तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी घ्या.

तापीकाठ: विसार थांबवतो. मुरूम किती फुटांवर लागतो हे बघायला याच आठवड्यात तीन ठिकाणी खड्डे घेतो.