कुत्र्याने माणसं ओढली नाहीत, दोरी आणली

बुडत्या जहाजावरचे दीडशे लोक एका कुत्र्याने वाचवले, अशी गोष्ट सांगतात. त्यावर कुणी म्हणतं, "शुद्ध थाप." आकडा खरा आहे, फक्त काम वेगळं होतं.

जुलै १८२८. आयर्लंडहून क्वेबेकला निघालेलं 'डिस्पॅच' जहाज आताच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाजवळ खडकावर आदळलं. तिथल्या मच्छीमाराची मुलगी ॲन हार्वी, तिचे वडील आणि भाऊ होडी घेऊन निघाले, सोबत त्यांचा कुत्रा हेअरीमॅन. लाटांमुळे होडी जहाजाला लावणं अशक्यच. कुत्रा पोहत गेला, जहाजावरून सोडलेली दोरी तोंडात धरून परत आला. मग दोर ताणून एकेक माणूस उतरवला, असे दीडशेहून जास्त.

आमच्या वरळी कोळीवाड्यात कुठल्याही नाखवाला विचारा. पावसाळ्यात खडकाजवळ होडी नेली की लाट उचलून आपटते. पहिली दोरी पलीकडे पोचवणं हीच खरी अडचण. ती पोचली की बाकीचं माणसं निभावतात.

हेअरीमॅन न्यूफाउंडलंड जातीचा. या जातीच्या कुत्र्याच्या पायाच्या बोटांमध्ये पडदा असतो, केसांचा थर दुहेरी आणि तेलकट. थंड पाण्यात तो कामाचा. ही गोष्ट ऐकली की काहीजण "मुंबईत याचं पिल्लू कुठे मिळेल?" विचारतात. बाबांनो, मे महिन्यात त्या लोकरीच्या गठ्ठ्याला वन बीएचकेत कोंडणार का? आपले बंदरावरचे गावठी कुत्रे घ्या की.

कॅनडाच्या तटरक्षक दलाने पुढे एका जहाजाला ॲन हार्वीचं नाव दिलं. हेअरीमॅनचं मात्र दिलं नाही, हे मला जरा खटकतंच.