१ रुपयाच्या नोटेवर शक्तिकांत दासांची सही, पण साल २०१७?

आहेरवाली_पुणे
ताईच्या मुलाचं लग्न आहे, पाकिटात १०१, ५०१ घालायला १ रुपयाच्या कोऱ्या नोटा मिळवल्या. सही शक्तिकांत दास यांची. घरी सगळे म्हणतात त्यात काय, ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते ना. अहो पण नोटेवर साल २०१७ आणि ते गव्हर्नर झाले डिसेंबर २०१८ ला! वर 'भारत सरकार' लिहिलंय, रिझर्व्ह बँकेचं नाव कुठेच नाही. बनावट तर नाही ना? आहेरात दिली आणि मांडवात शोभा झाली असं नको.

नाणेपेटी
अस्सल आहे, बिनधास्त द्या. दोन रुपयांपासून वरच्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या, एक रुपयाची मात्र थेट सरकारची. २०११ च्या कायद्यात तर ती चक्क नाण्यांच्या व्याख्येत बसवलीय. म्हणून गव्हर्नरची सही नाही आणि ते 'मैं धारक को' वालं वचनही नाही. सही अर्थ मंत्रालयातल्या सचिवाची, आणि दास तेव्हा तिथे आर्थिक व्यवहार विभागाचे सचिव होते. छपाई १९९४ ला बंद केली होती, छापायचा खर्चच रुपयाच्या वर जायचा, मग २०१५ ला परत सुरू झाली.

फायलीतला_माणूस
वरचं बरोबर, पण जरा पुढे जाऊन सांगतो कारण नेटवर जिथे तिथे 'वित्त सचिव सही करतात' असं ठोकून दिलेलं असतं. वित्त सचिव अशी वेगळी खुर्चीच नाही हो. मंत्रालयात खर्च, महसूल, आर्थिक व्यवहार वगैरे विभाग, प्रत्येकाला आपापला सचिव, आणि त्यांच्यात जो सेवेत ज्येष्ठ त्याला साधारणपणे वित्त सचिव हे पद देतात, विभाग त्याच्याकडे असतो तोच राहतो. २०१७ ला हा मान खर्च विभागाच्या अशोक लवासांकडे होता, तरी सही दासांची, कारण नोटा-नाणी हे काम आर्थिक व्यवहार विभागाचं. २०१५ च्या नोटेवर राजीव महर्षी आहेत, त्यांच्याकडे दोन्ही होतं त्यामुळे प्रश्नच आला नाही. रिझर्व्ह बँकेची पत्रकं काढून बघा, महर्षींना 'वित्त सचिव' म्हटलंय, दासांना नुसतं 'सचिव, वित्त मंत्रालय'. २०२० ला अतनु चक्रवर्तींचंही तेच. बाहेरच्याला फरक वाटत नाही, पण सचिवालयात या एका शब्दावर लोकांची झोप उडते.

जुनी_नोट
दोन्हीकडे सही असलेले दास एकटे नाहीत बरं का. मनमोहन सिंगांची १ रुपयावर पण आहे आणि नंतर गव्हर्नर झाल्यावर मोठ्या नोटांवर पण. गंमत म्हणजे १९९१ ला अर्थमंत्री झाले, म्हणजे या सगळ्यांचे साहेब, तेव्हा मात्र नोटेवर सही नाही, मंत्र्याची नसतेच. माझ्याकडे त्यांच्या दोन्ही आहेत, विकायच्या नाहीत, आधीच सांगतो.

आहेरवाली_पुणे
धन्यवाद सगळ्यांना! बाबांना दाखवलं, ते म्हणे मला माहीतच होतं 😄 मागच्या बाजूला ते समुद्रातलं जहाजासारखं काय आहे?

नाणेपेटी
सागर सम्राट, तेल काढायचा तराफा. बॉम्बे हायला १९७४ ला तेल लागलं ते त्यानेच खोदलेल्या विहिरीत.

कोथरूडची_काकू
ते सगळं राहू दे, बंडल कितीला पडलं ते सांग. आमच्याकडे पुढच्या महिन्यात मुंज आहे.