बहिणीच्या मुलाला ओडीडी आहे, तिला आधार कसा द्यावा?

भाचा ८ वर्षांचा आहे, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आणि सोबत ओडीडी म्हणजे ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर (सतत चिडणं, मोठ्यांना विरोध करणं) असं निदान झालंय. मोबाईल ठेव म्हटलं की हाताला येईल ते फेकतो, ताईला लाथा मारतो आणि अर्ध्या तासाने तिच्याच कुशीत शिरून रडतो. शाळेतून सारखे फोन. घरचे म्हणतात लाडावून ठेवलाय, दोन फटके दे सरळ होईल. ताईने कुठे जाणं-येणंच सोडलंय, मी काही सुचवलं की चिडते. काय करू?

उत्तर १
मी अशाच मुलाची आई आहे. प्लीज सुचवणं थांबवा, तिने सगळं वाचलेलं असतं हो. त्यापेक्षा भाच्याला ठरलेल्या दिवशी दोन तास तुमच्याकडे ठेवा आणि तेवढा वेळ तिला झोपू द्या. आणि फटक्यांचं कोणी बोललं की तिच्यासमोरच त्यांना थांबवा, ते ऐकून ऐकून माणूस आतून खचतं.

उत्तर २
मी समुपदेशक आहे. ओडीडीचं निदान किमान ६ महिने असं वागणं टिकलं तरच करतात, त्यामुळे हे लाडाचं प्रकरण नाही हे घरच्यांना ठामपणे सांगा. औषध एडीएचडीला लागू शकतं, पण ओडीडीत मुख्य उपचार म्हणजे पालकांचं ट्रेनिंग. गेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने दाखवलेलं चक्र बघा: आई नाही म्हणते, मूल आरडाओरडा करतं, आई थकून मोबाईल देते, ओरडणं थांबतं. मूल शिकतं की ओरडलं की मिळतं, आणि आईही शिकते की दिलं की शांतता. हे तोडायला लागलं की सुरुवातीला तमाशा वाढतोच, आणि नेमकं तेव्हाच आजी नाहीतर मामा गुपचूप मोबाईल देतात आणि सगळं मुसळ केरात. तेव्हा ताईने नाही म्हटलं की घरात सगळ्यांचं नाहीच. त्याने एकदा सांगितल्यावर चप्पल जागेवर ठेवली तरी लगेच बोलून दाखवा, "सांगितल्या सांगितल्या ठेवलीस, छान." नुसतं गुड बॉय नको.

उत्तर ३
शाळेच्या मीटिंगला तिच्यासोबत जा, एकटी आई समोर बसली की सगळे तिलाच बोलतात. आणि तिची झोप, जेवण उडालं असेल, सारखी रडत असेल तर तिलाही डॉक्टरकडे न्या, हे लांबवू नका.

प्रश्नकर्ती
खूप आभार सगळ्यांचे. मोबाईलचं आईशी आजच बोलते, कारण आमच्याकडे तोच गुपचूप प्रकार चालतो. रविवारी भाचा माझ्याकडे.