मदत हवी आहे: जुन्या जीपचं स्टिअरिंग फडफडतंय, आणि नव्या पार्टांवरचा विश्वास उडालाय (सातारा)

मंडळी, सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात जुन्या जीपचं काम केलेलं कुणी असेल तर मदत करा. डोकं चालेनासं झालंय.

गाडी महिंद्राची सीजे ३बी, वडिलांच्या वेळची. पेट्रोल इंजिन कधीच निघालं, आता डिझेल आहे. स्टिअरिंगची रचना मात्र मूळचीच: बॉक्सपासून ड्रॅग लिंक, ती मधल्या बेल क्रँकला (पिनवर फिरणारा लोखंडी आडा), आणि तिथून दोन चाकांना दोन टाय रॉड. पुढची अ‍ॅक्सल बंद नकलची (नकल म्हणजे चाक वळवणारा सांधा, इथं तो बॉलवर झाकलेला), आणि नकल ज्यावर फिरते त्या किंगपिनला वर-खाली टेपर बेअरिंग. घर परळीच्या बाजूला, त्यामुळे गाडी शोभेची नाही. पावसाळ्यात शेताच्या वाटेला हीच चालते.

चाळीसच्या आसपास एखादा खड्डा किंवा पुलाचा जॉइंट लागला की पुढची चाकं डावी-उजवी फडफडायला लागतात. स्टिअरिंग हातात राहत नाही. वेग वीसच्या खाली आल्याशिवाय थांबत नाही. यवतेश्वरचा घाट उतरताना हे झालं तेव्हा शेजारी बसलेल्या चुलत्यांनी एक पाय बाहेर काढून ठेवला होता. गाडीला दारं नाहीत, त्यामुळे त्यांची सोय होती.

संताप याचा की दुरुस्तीच्या आधी हेच पंचावन्नच्या वर व्हायचं, तेही क्वचित. सगळं नवीन टाकलं आणि दुखणं चाळीसवर आलं.

टाय रॉड एंड चारही नवीन आहेत. त्यातल्या एकाचा टेपर, म्हणजे पिनचा निमुळता भाग, चाकाच्या आर्ममध्ये बसतच नव्हता. कॅसल नट आटे संपेपर्यंत आवळला, तरी पिन आत हलते, आणि स्प्लिट पिनचं भोक नटाच्या वर बोटभर उघडं. मेस्त्री म्हणाले, खाली वायसर टाकू, चालतंय. मी म्हटलं, मेस्त्री, वायसरनं नट थांबेल, टेपर कसा बसेल? पिनला मार्करची शाई लावून बसवून काढली, तर शाई फक्त वरच्या कडेला पुसली होती. एवढ्याशा रिंगेवर सगळं स्टिअरिंग! पार्ट परत नेला तर दुकानदार म्हणतो, सगळ्या जीपला हाच जातो, तुमचा आर्म खराब असेल. जुना एंड त्याच आर्ममध्ये हातानं दाबला तरी गच्च बसतो, हे सांगून उपयोग झाला नाही.

बेल क्रँकचं किट नवीन. त्याची पिन पंधरवड्यात एका बाजूनं झिजली. कानस लावून बघितली तर सरळ खाल्ली कानशीनं. वरचा थर कडक केलेलाच नाही, साधं लोखंड वळवून पॉलिश मारलंय. जुन्या पिनवर हीच कानस नुसती घसरत होती, आणि ती पिन किती वर्षं चालली देव जाणे.

किंगपिनची बेअरिंगं तर कहरच. डब्यावर नाव नामांकित कंपनीचं, आत रोलरचा पिंजरा हातानं हलवला की खुळखुळतो. बाहेरची कडी ठोकून बसवावी लागते ना? ती अंगठ्यानं बसली.

चाकांचं बॅलन्सिंग झालंय, चाकांच्या लोखंडी डिस्क फिरवून बघितल्या, वाकड्या नाहीत. व्हील बेअरिंग नीट आवळलेली आहेत. पुढच्या पाट्यांचे (पानांच्या स्प्रिंगचे) बुश बदललेत (ते रबर किती दिवस टिकतंय बघू). टो-इन, म्हणजे चाकं पुढून जेवढी आत वळलेली असतात ते माप, दीड-दोन मिलीमीटर आहे.

माझी खरी अडचण पुढं आहे. बदललेला पार्ट संशयितांच्या यादीतून बाद करायचा आणि पुढं जायचं, असंच आपण दुरुस्ती करतो ना? इथं बदललेल्यावरच पहिला संशय. मेस्त्री एका दिशेला, मी दुसऱ्या. दोष गाडीत आहे की डब्यातून आलाय, हेच ठरत नाही. त्यातून पासिंगची तारीख जवळ आलीय.

तर विचारायचं असं: एक, बेअरिंग खात्रीची कुठून आणि कशी मागायची? दोन, बेल क्रँकची पिन कुणी बनवून घेतलीय का? तीन, अजून काय बघायचं राहिलंय? पैसे जास्त गेले तरी चालेल, पण तेच काम परत परत करायची ताकद नाही.

प्रतिसाद (सांगली):
किंगपिनचं बेअरिंग जीपच्या पार्टवाल्याकडं मागूच नका. कारखान्यांना बेअरिंग पुरवणारे डीलर असतात, त्यांच्याकडं नंबर सांगून मागा. आतलं ११५९०, बाहेरची कडी ११५२०. जुन्या बेअरिंगवर कोरलेलं असतं, एकदा ताडून घ्या. आणि बिल घ्या, बिल मागितलं की अर्धा डुप्लिकेट माल आपोआप बाजूला होतो. कडी अंगठ्यानं बसली म्हणताय तर दोन शक्यता, कडी बारीक किंवा नकलचं घर मोठं झालेलं. कडीचं बाहेरचं माप मायक्रोमीटरनं घ्या, घराचं माप लेथवाला बोअर गेजनं घेऊन देईल. भांडण मिटेल.

प्रतिसाद:
स्टिअरिंग डॅम्पर लावा ना राव. टाय रॉडला एक छोटा शॉकअप टाकायचा. आमच्या गाडीचं फडफडणं एका दुपारीत बंद झालं.

धागाकर्ता:
डॅम्पर मेस्त्रींनीही सुचवला होता. आज लावला तर फडफड दबेल, पण सैल असलेलं सैलच राहील आणि घाटात कधीतरी दगा देईल. शेवटी लावायला हरकत नाही, आधी नको.
सांगलीकर, नंबरबद्दल मनापासून आभार. जुनं बेअरिंग डब्यात जपून ठेवलंय, घासून बघतो.

प्रतिसाद (कराड):
शिम (कॅपखालच्या पातळ पत्र्याच्या चकत्या) किती काढल्या? हे तुम्ही लिहिलंच नाही. वरच्या कॅपखालच्या शिम कमी केल्या की किंगपिनच्या बेअरिंगवर दाब वाढतो. नकल अगदी मोकळं फिरायला नको, थोडं जड फिरायला हवं. टाय रॉड सोडवा, बॉलवरचं फेल्ट सील काढा (नाहीतर सीलचाच जडपणा मोजाल), आर्मच्या टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून ओढा. दोन्ही बाजूंचा आकडा सारखा पाहिजे. पुष्कळ मेस्त्री जुन्या शिम होत्या तशाच परत टाकतात. बेअरिंग बदललं की ते माप बाद होतं.
दुसरं, पाट्यांत कधी जादा पान घातलंय का? त्यानं अ‍ॅक्सलचा झुकाव बदलतो. या गाडीला कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागं झुकलेला कोन, ३ अंश लागतो. तो कमी झाला की चाक सरळ यायचं विसरतं. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यात लोखंडी पाचर घालून दुरुस्त होतं, पण आधी कोन मोजा, मग पाचर.

धागाकर्ता:
शिम जुन्याच टाकल्या होत्या, आत्ताच फोन करून विचारलं. आणि हो, पुढच्या पाट्यांत एक पान जादा आहे, उसाच्या दिवसांत वडिलांनी टाकून घेतलेलं. हे दोन्ही आधी बघतो. वजनकाटा घरात आहे, भाजी विकायचा.

प्रतिसाद (सांगली):
पिनसाठी कोल्हापूरला उद्यमनगरात जा. मूळ पिन नमुन्याला न्या, साधी वळवून घेऊ नका, कडक करून वरून ग्राइंडिंग करायला सांगा. पैसे देण्याआधी त्यांच्यासमोरच कानस लावून बघा. चांगला कारागीर असेल त्याला राग येणार नाही. टेपर न बसलेला एंड मात्र आजच काढा, तो घेऊन घाट उतरू नका.

धागाकर्ता:
एंड काढलाय, गाडी अंगणात उभी आहे. पिनची अडचण एकच, माझी जुनी पिनही एका बाजूनं थोडी खाल्लेली आहे, नमुना म्हणून नेली तर खाल्लेलंच माप मिळेल. कुणाच्या ३बीची न झिजलेली मूळ पिन असेल तर व्हर्नियरनं दोन-तीन ठिकाणी मोजून इथं टाका. विकत नको, फक्त माप पाहिजे.