मदत हवी आहे: आईच्या वहीतल्या 'पातळ'ला इंग्रजीत काय काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी,

आईची पाककृतींची वही इंग्रजीत उतरवते आहे. धाकट्या बहिणीच्या दोन्ही मुली इंग्लंडमध्ये वाढल्या. मराठी छान बोलतात, पण वाचता येत नाही. आई गेल्यावर वही माझ्याकडे आली आणि थोरली भाची म्हणाली, "मावशी, आजीची कटाची आमटी मला स्वतः करायची आहे, लिहून पाठव ना." दिवाळीच्या आत पूर्ण वही तिच्या हातात द्यायची, असं मी ठरवलं आहे.

अडलंय ते 'पातळ' या शब्दापाशी. आईचं माहेर मालवणकडचं आणि सासर जळगावचं, त्यामुळे वहीत दोन्हीकडचं आहे. कटाची आमटी पातळ हवी. घावनाचं पीठ पातळ हवं. काकडीचे काप पातळ हवेत. मांडे तर इतके पातळ की आरपार दिसावं. शेवटच्या पानावर धोब्याचा हिशेब आहे, त्यातही 'पातळे ४'! ती लुगडी आहेत हे मला कळतं, पण बाकी सगळीकडे मी सरळ 'थिन' लिहीत गेले. पहिली काही पानं भाचीला पाठवली, तर तिचा फोन आला: "थिन आमटी म्हणजे बिघडलेली ना? आजीने बिघडलेली आमटी का लिहून ठेवली?"

तेव्हापासून हात थांबलाय. 'पातळ कर' यालाही मला 'डायल्यूट' एवढंच सुचतं, आणि ते शाळेतल्या प्रयोगशाळेसारखं वाटतं. जाणकारांनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद १

तुमच्या भाचीचं बरोबर आहे. मी भाषांतराचं काम करते, तिथे हे नेहमी आडवं येतं. इंग्रजीत सूपला किंवा रश्श्याला 'थिन' म्हटलं की त्यात दम नाही, पाणचट झालंय, असाच अर्थ पोचतो. आपल्याकडे आमटी पातळ असणं हा तिचा गुण आहे. म्हणून तिथे 'ब्रॉथी' लिहा, आणि कट म्हणजे पुरणाची डाळ शिजल्यावर निथळून घेतलेलं पाणी, हे एका वाक्यात सांगा. म्हणजे ती दाट का नसते ते मुलीला आपोआप कळेल.

पिठासाठी विशेषण शोधूच नका. तिकडच्या पाककृतींत सरळ तुलना देतात: पीठ 'सिंगल क्रीम'इतकं दाट असावं. तिच्या डोळ्यांसमोर लगेच चित्र उभं राहील. आपलं 'सरसरीत' हेच काम करतं, फक्त ते इंग्रजीत नेता येत नाही.

'डायल्यूट' सरबताच्या अर्काला किंवा औषधाला शोभतं. स्वयंपाकात 'थिन इट विथ अ लिटल वॉटर' म्हणतात. इथे क्रियापद म्हणून 'थिन' अगदी निर्दोष आहे, दोष फक्त विशेषणाला चिकटतो. चटणी किंवा वाटण सैल करायचं असेल तर 'लूझन'. तिकडचे आचारी 'लेट डाउन'ही म्हणतात. 'वॉटर डाउन' मात्र टाळा, त्यात गवळ्याने दुधात पाणी घातल्याचा वास येतो.

प्रतिसाद २

'पातळ काप' आणि 'बारीक चिरलेला' यांची गल्लत होऊ देऊ नका. काकडीचे काप 'थिनली स्लाइस्ड', कांदा 'फाइनली चॉप्ड'. 'थिनली चॉप्ड' असं आपल्याकडचे पुष्कळजण लिहितात, ते कानाला खटकतं. कापाची फक्त जाडी कमी असते, बारीक चिरलेला कांदा सगळ्याच बाजूंनी लहान असतो. मराठीतही आपण हा फरक पाळतोच की.

प्रतिसाद ३

मी खानदेशातला, म्हणून मांड्यांपुरतं बोलतो. तिथे 'रोल आउट' लिहिलंत तर सगळंच चुकेल. मांडा पोळपाटावर लाटून होत नाही. कणीक मळून मळून लवचीक करायची, पुरण भरायचं आणि हातांवर ताणत ताणत मोठा करून उपड्या खापरावर टाकायचा. म्हणून शब्द हवा 'स्ट्रेच'.

आणि एक राहवत नाही म्हणून सांगतो. 'थिन' हा शब्द, संस्कृतातला 'तनु' आणि आपलं 'ताणणं' हे तिन्ही एकाच मुळातून आलेत, आणि त्या मुळाचा अर्थच ताणणं. ताणलं की पातळ होतं. त्यामुळे तुमच्या वहीत 'थिन' कुठे सगळ्यात शोभत असेल, तर मांड्यांच्या पानावर.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचे मनापासून आभार. 'ताणणं' वाचून आईचे कोपरापर्यंत पिठाने माखलेले हात डोळ्यांसमोर आले. ते पान आज पुन्हा लिहिलं.

आणखी एक विचारते. डिंकाच्या लाडवांखाली आईने लिहिलंय: "धाकटी बाळंतपणानंतर फार बारीक झाली आहे, दोन महिने रोज द्यावा." ते बाळ म्हणजे आता वही मागणारी भाची. इथे 'स्लिम' लिहू की 'स्किनी'?

प्रतिसाद ४

दोन्ही नको. मी बरीच वर्षं तिकडे राहिले आहे. 'स्लिम' आणि 'स्लेंडर' ही स्तुती आहे, 'स्किनी' बहुतेकदा टोमणा. 'गॉन्ट' आणि 'इमेशिएटेड' म्हणजे आजाराने खंगलेली, ते फारच होईल. 'लॉस्ट वेट' म्हणाल तर तिकडे लोक अभिनंदन करतात! तुमच्या आईच्या वाक्यात काळजी आहे, ती 'फार टू थिन' यात येते. लेकीकडे बघून आई जशी म्हणेल तसंच.

धागाकर्तीचा प्रतिसाद

'फार टू थिन' लिहिलं. बहिणीला फोनवर वाचून दाखवलं, तर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

आता फक्त अळूची पातळभाजी उरली आहे. तिथे कुठलाच शब्द बसत नाही, कारण पातळभाजी हे त्या पदार्थाचं नावच आहे. म्हणून ते तसंच ठेवते आणि शेजारी लिहिते, की ही भातावर ओतून खायची. भाचीला नाव म्हणता येतंच, लहानपणी आजीकडून तिने ते शेकडो वेळा ऐकलंय.