सोन्याच्या आयनांचा प्रभार अपेक्षेपेक्षा कमी का दिसतो?

आयनमार्ग: सोन्याच्या पातळ फॉइलवर तीव्र लेझर मारून आयन पळवतोय. सिम्युलेशनमध्ये बरेच आयन 51+ ला, म्हणजे 79 पैकी 51 इलेक्ट्रॉन गेल्यावर, थांबतात. ते पटतं, उरलेल्या 28 इलेक्ट्रॉनांची रचना फोडायला एकदम जास्त ऊर्जा लागते. पण थॉमसन पॅराबोलावर (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राने आयनांना प्रभारानुसार वेगवेगळ्या वक्ररेषांवर पाडणारा स्पेक्ट्रोमीटर) त्याहून बऱ्याच कमी प्रभाराच्या रेषा ठळक उमटतात. माझ्या कोडमध्ये आयनीभवन (इलेक्ट्रॉन सुटणं) आहे, पुनर्संयोग (आयनाने इलेक्ट्रॉन परत पकडणं) नाही. गडबड तिथेच असेल का? एवढे तापलेले इलेक्ट्रॉन आयनाला चिकटतील कसे? दोन आठवडे यातच अडकलोय.

प्लाझ्माप्रेमी: लेझर चालू असतानाचं तापमान विसरा. चिकटणं होतं ते नंतर, प्लाझ्मा पसरून गार होताना. आणि बघायचा तो सापेक्ष वेग. दर न्यूक्लिऑनला (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) 5 एमईव्ही असलेल्या आयनाच्याच वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा भरते जेमतेम 2.7 केईव्ही, आणि आयनाच्या लेखी तो जागेवरच उभा असतो!

दाट प्लाझ्मात मुख्य काम तीन कणांच्या पुनर्संयोगाचं: एक इलेक्ट्रॉन पकडला जातो, सुटलेली ऊर्जा दुसरा घेऊन जातो. प्रत्येक आयनामागे हा दर घनतेच्या वर्गाने वाढतो आणि तापमानाच्या 4.5 व्या घाताने घटतो. म्हणजे घनता तीच ठेवून तापमान निम्मं केलं, तर दर जवळपास 23 पट. मात्र त्या सुटलेल्या ऊर्जेने उरलेले इलेक्ट्रॉन पुन्हा तापतात, घनताही पडत जाते, आणि प्रभार एका टप्प्यावर गोठतो. आघाडीच्या वेगवान आयनांभोवती घनता लवकर पडते, म्हणून त्यांचा प्रभार टिकतो. मागच्यांचा उतरतो.

निर्वात: कोडला हात लावण्याआधी चेंबरचा दाब बघा, ही माझी कळकळीची विनंती. उरलेल्या वायूच्या रेणूंकडूनही आयन इलेक्ट्रॉन उचलतात. स्पेक्ट्रोमीटरच्या क्षेत्रातच प्रभार बदलला तर आयन आपली पॅराबोला सोडतो आणि दोन रेषांच्या मध्ये पुसट पट्टा दिसतो. दाब बदलून पुन्हा शॉट घ्या.

आयनमार्ग: दाब दहापट कमी केला. रेषा तशाच, मधे पट्टाही नाही.

प्लाझ्माप्रेमी: मग ऊर्जेला प्रभाराने भागून बघा. 51+ असताना वेग घेतलेला आयन नंतर 35+ झाला तरी मिळालेली ऊर्जा गमावत नाही.

आयनमार्ग: पाहिलं. कमी प्रभाराच्या रेषांमध्ये हे गुणोत्तर खरंच जास्त येतंय. आज रात्रीच कोडमध्ये पुनर्संयोग घालायला घेतो.